न हलण्याचं बक्षीस

नीलकंठ रविवारी टहरौलीहून घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या पायात चप्पल नव्हती, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

अंबिकानं दार उघडलं आणि सवयीप्रमाणे आधी मुलाच्या पायांकडे पाहिलं. गेली सतरा वर्षं ती त्याच्या तोंडाआधी पायांकडेच पाहत आली होती. डाव्या पायात निळ्या पट्ट्याची चप्पल होती. उजवा पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"चप्पल कुठंय रे?"

नीलकंठनं खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय पाहावा तसा तो थोडा वेळ आपला पाय पाहत राहिला. "अरे," तो म्हणाला, "ऑटो में रह गई होगी." मग उरलेली चप्पल त्यानं काढली, कोपऱ्यात नीट ठेवली आणि पाणी मागितलं.

ऑटो झाशीच्या दतिया गेटपाशी सोडतो. तिथून घरापर्यंत सात-आठ मिनिटांची चाल. श्रावणातला चिखल, भाजीवाल्यांनी फेकलेली देठं, कुणाकुणाच्या दाराशी टाकलेली खडी. एवढं सगळं एका पायानं चपलेतून आणि दुसऱ्यानं चपलेशिवाय पार करायचं, आणि फरक कळायचा नाही. मोरीत पाय धुताना पाणी लाल झालं. तळव्यात नखाएवढा काचेचा तुकडा रुतला होता. अंबिकानं तो चिमट्यानं काढला.

"दुखत नाही?"

"नहीं तो. ठीक है."

विद्याधरराव, म्हणजे नीलकंठचे वडील, वर्तमानपत्रामागून म्हणाले, "भरतानं ठेवून घेतली असेल चप्पल."

"भरतानं दोन्ही नेल्या होत्या," अंबिका म्हणाली.

"मग ह्या भरताचं राज्य लहान असेल."

नीलकंठ हसला. दोन वाट्या आमटी प्यायला, दुपारभर झोपला, संध्याकाळी वडिलांबरोबर टीव्हीवर मॅच पाहिली, आणि सोमवारी सकाळच्या बसनं वडिलांचे जुने बूट घालून टहरौलीला निघून गेला. जाताना म्हणाला, "आई, चिंता मत करना." तो असं दर सोमवारी म्हणतो. त्यानं आजवर कधी काही फरक पडलेला नाही.

चप्पल हरवते, हे अंबिकाला मान्य होतं. तिच्या स्वतःच्या तीन जोड्या देवळाबाहेरून गेल्या होत्या. पण काच? काच टोचल्याचं कळत नाही असा पाय तिनं आधी एकदाच पाहिला होता.

नीलकंठ विद्याधर आठल्ये, वय सव्वीस, टहरौलीच्या तहसील कचेरीत अभिलेखागारात बाबू. त्याचं काम म्हणजे जमिनींचे जुने कागद लाल कपड्यात बांधून ठेवायचे आणि कुणी मागितले की सोडून दाखवायचे. ह्या गाठोड्यांना तिथं बस्ता म्हणतात. तो एका गल्ल्याच्या, म्हणजे धान्याच्या, व्यापाऱ्याच्या माडीवर खोली घेऊन राहतो, आणि घरमालकीण काकी त्याला दोन वेळा जेवायला घालतात. मराठी त्याला सगळं समजतं. बोलताना मात्र तो हिंदीवर येतो. मराठीत रडणं आणि रागावणं तेवढं येतं, असं विद्याधरराव म्हणतात. पण त्याला रडताना आणि रागावताना फारसं कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे खरं की खोटं ते ठरवता येत नाही.

त्याचं ठरलेलं उत्तर 'ठीक है'. बारावीच्या परीक्षेत अंगात एकशे तीन ताप होता तेव्हाही त्यानं तेच सांगितलं, विषमज्वर निघाला. सायकलवरून पडून करंगळी मोडली, तर चार दिवस ती रबरबँडनं शेजारच्या बोटाला बांधून कॉलेजला जात होता. कचेरीत त्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. आठ महिने तो डावीकडे कलून बसला आणि कलून बसूनच सुवाच्य अक्षरात नोंदी करत राहिला. मग ललितपूरहून एक नवा बाबू बदलून आला. त्याला चुकून ती खुर्ची मिळाली. त्यानं पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला, दुसऱ्या दिवशी त्याला नवी खुर्ची आली, आणि जुनी पुन्हा नीलकंठकडे गेली.

"तू का नाही बोललास?" अंबिकानं विचारलं होतं.

"आदत हो गई थी," तो म्हणाला.

त्याच खुर्चीपायी अंबिकानं तीन वर्षांपूर्वी एक फोन केला होता, आणि तो अजूनही तहसिलीत ताजा आहे. तिनं थेट बडे बाबूंना फोन लावून सांगितलं होतं की माझ्या मुलाच्या पाठीची लहानपणी मोठी ट्रीटमेंट झाली आहे, त्याला बस्ते उचलायला लावू नका, आणि जमल्यास धड खुर्ची द्या. बडे बाबू सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून जाहीर केलं, "आठल्ये की माताजी का आदेश है." तेव्हापासून कचेरीत काहीही उचलायची वेळ आली, चहाचा कप जरी असला, तरी कुणीतरी म्हणतंच, "रुको, पहले माताजी से पूछ लो."

त्या फोननंतरच्या रविवारी नीलकंठ घरी आला आणि जेवण झाल्यावर शांतपणे म्हणाला, "आई, अब किसी को फोन नहीं करना. ऑफिसला नाही, डॉक्टरलाही नाही. काही झालं तर मी सांगीन."

त्यानं मराठीत वाक्य संपवलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती. अंबिकानं हो म्हटलं. त्यानंतर पाठीच्या, दिल्लीतल्या दोन तपासण्या चुकल्या. एकदा मतदार याद्यांचं काम होतं, एकदा साहेबांची बदली होती. "पुढच्या वेळी जाऊ," तो म्हणायचा. काही झाल्याचं त्यानं कधी सांगितलं नाही, आणि अंबिकानं दिलेला शब्द पाळला.

आता हे सगळं मुळात काय होतं ते सांगायला हवं.

दोन हजार पाच साल. नीलकंठ नऊ वर्षांचा, चौथीत. दतिया गेटच्या आत जी पाच-पन्नास मराठी घरं आहेत, ती पेशव्यांच्या काळी कुणाच्या ना कुणाच्या चाकरीत आली आणि परत जायची राहून गेली. त्यांचा मिळून एक गणपती बसतो. दहा दिवस रोज संध्याकाळी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, आणि नवव्या दिवशी सहस्रावर्तन. पंचवीस जणांनी पाटावर बसायचं आणि प्रत्येकी चाळीस वेळा म्हणायचं, की हजार भरतात. दोन तास लागतात. हे सगळं हरिभाऊ चालवायचे. हरिभाऊ म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांचा आवाज बारीक आणि नजर जाड होती. मुलांचे उच्चार शुद्ध करणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, कारण मुलं घरातसुद्धा हिंदी बोलायची. पण मुलांनी हलू नये, हे त्यांना साधण्यासारखं वाटत होतं. म्हणून त्यांनी बक्षीस ठेवलं होतं: सहस्रावर्तनात मांडी न मोडता, न चुळबुळता जो शेवटपर्यंत बसेल, त्याला नाव कोरलेला स्टीलचा डबा.

दोन तास मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो. त्या पंचवीस जणांत हे ज्याला ठाऊक नाही असा कुणी नव्हता. विद्याधररावांचा होई, हरिभाऊंचाही होई. आवर्तनं संपली की सगळा मंडप एका पायावर उभा राहून दुसरा पाय आपटत असे. लहान मुलं एकमेकांच्या झोपलेल्या पायावर टिचक्या मारत. तो उत्सवाचाच एक भाग होता. त्यामुळे ह्या आळीत एखाद्या मुलानं भाद्रपदात सांगितलं की माझा पाय झोपलाय, तर ऐकणारा पंचांग पाहिल्यासारखा मान डोलावून पुढं जायचा.

नवव्या दिवशी डबा नीलकंठला मिळाला. नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच. तो दोन तासांत तसूभरही हलला नव्हता. मांडीवर मुंगळा चढला, तो गुडघ्यावरून फिरून उतरला, तरी पोरानं तिकडं पाहिलं नाही, असं हरिभाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं. डबा घ्यायला उठताना तो धडपडला. सगळे हसले. बक्षीस मिळालं की पाय जमिनीवर राहत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं.

विसर्जनाच्या सकाळी तो अंथरुणातून उठू शकला नाही. पाय होते, पण त्याचे नव्हते. आदल्या रात्रीपासून लघवीही झाली नव्हती. सिविल लाइंसमधल्या बालरोगतज्ज्ञांनी तळव्यावर किल्ली ओढली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "पायात ताकद नाही आणि लघवी अडली आहे, म्हणजे दोष पायाचा नाही, पाठीच्या कण्याचा आहे. इथं वेळ घालवू नका." त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. दुपारी ग्वाल्हेरला एमआरआय, रात्रीच्या गाडीनं दिल्ली. झाशीत गणपती बुडाला तेव्हा आठल्ये कुटुंब मुरैन्याच्या पुढं होतं.

दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर दिवाकर म्हणून होते. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. मज्जारज्जूच्या कडेनं काळ्या गांडुळांचा गुच्छ बसावा तसं दिसत होतं.

"ये नसें हैं," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. शुद्ध रक्ताची नळी पुढं बारीक बारीक फाट्यांत वाटली जाते, तिथं रक्ताचा जोर कमी होतो, आणि मग ते परतीच्या नळीत जातं. ह्या मुलाच्या पाठीत तीन ठिकाणी मधले फाटे तयारच झाले नाहीत. जन्मापासूनच. जोराचं रक्त थेट परतीच्या नळीत घुसतं, ती फुगते, मज्जारज्जूवर दाब येतो आणि मज्जारज्जूला स्वतःला लागणारं रक्त पुरत नाही.

विद्याधरराव वीज खात्यात होते. "मतलब डायरेक्ट शॉर्ट है," ते म्हणाले.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "यही समझ लीजिए."

पाठ उघडायची नव्हती. जांघेतल्या धमनीतून शेवईएवढी नळी आत घालायची, तिच्यातून दोऱ्याएवढी दुसरी, आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत ती त्या चुकीच्या जोडणीपर्यंत न्यायची. तिथं एक प्रकारचा गोंद सोडायचा. रक्ताला लागताच तो काही क्षणांत घट्ट होतो आणि वाट बुजते. गोंद भलत्या फाट्यात गेला तर पाय कायमचे जाऊ शकतात. नाही केलं तरी पाय जातीलच, आणि बहुधा तेवढ्यावर थांबणार नाही. हे सगळं डॉक्टर दिवाकरांनी एकाच आवाजात सांगितलं. विद्याधररावांनी कागदावर सही केली. सही करताना त्यांनी खाली सवयीनं तारीख टाकली आणि हुद्दाही लिहिला: वरिष्ठ लिपिक.

पण त्याच्या आधी एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आला होता. त्यानं जन्म, वजन, लसी, सगळं विचारलं. मग विचारलं, "बच्चे ने पहली बार कब बताया?"

खरं असं होतं की नीलकंठनं गणपतीच्या पाचव्या दिवशी सांगितलं होतं. गौरी जेवायच्या होत्या. अंबिका सोवळ्यात, एका शेगडीवर पुरण, दुसरीवर कटाची आमटी, दारात सोळा भाज्यांचा पसारा. नीलकंठ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "आई, माझा पाय सकाळपासून झोपलाय." मराठीत म्हणाला. अंबिका मागं न वळता म्हणाली, "सगळ्यांचाच झोपतो. आपट जमिनीवर." तो थोडा वेळ तिथंच पाय आपटत राहिला. ठप, ठप, ठप. मग तिनंच त्याला सांगितलं की आता पुरे, डोकं दुखतंय.

त्यानंतर त्यानं काही सांगितलं नाही.

तरुण डॉक्टरानं पेन टेकवलं होतं. शेजारी विद्याधरराव उभे होते. अंबिकानं तोंड उघडलं, आणि तिच्याच कानांना ऐकू आलं, "बताया ही नहीं. विसर्जन के दिन पता चला."

डॉक्टरानं लिहून घेतलं. मग कॉटवरच्या मुलाकडं वळून म्हणाला, "क्यों बेटा, मम्मी को बताया क्यों नहीं?"

नीलकंठनं आईकडं पाहिलं. फार वेळ नाही. एखाद्याकडं किती वाजले ते विचारायला पाहावं, तेवढाच. मग छताच्या पंख्याकडं पाहत म्हणाला, "भूल गया था."

साडेचार तास लागले. तीनपैकी दोन जोडण्या बुजल्या. तिसरी डॉक्टर दिवाकरांनी सोडून दिली, कारण त्याच नळीतून मज्जारज्जूलाही रक्त जात होतं आणि तिला हात लावण्यात धोका होता. "इस पर नज़र रखनी होगी," ते म्हणाले. "उम्र भर. बढ़ भी सकती है, न भी बढ़े. बच्चे से कहिए, कुछ भी लगे, फौरन बताए."

जांघेतून नळी काढल्यावर सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं होतं. मुलांना हे जमत नाही, बांधून ठेवावं लागतं, असं सिस्टर सांगत होत्या. नीलकंठ सहा तास हलला नाही. सिस्टरनं दुसऱ्या वॉर्डातून दोन जणींना त्याला बघायला बोलावलं.

चौदाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. दिवाळीत तो भिंतीला धरून उभा राहिला. होळीपर्यंत शाळेत जायला लागला. उजवं पाऊल टाकताना किंचित चट् असा आवाज यायचा, एवढंच राहिलं. आळीनं त्याचं स्वागत केलं. आणि तेव्हापासून नीलकंठ आठल्ये म्हणजे हू की चू न करणारा मुलगा. पाठीच्या कण्यात एवढं महाभारत चाललेलं असताना पोरानं आईलासुद्धा सांगितलं नाही. हरिभाऊ दर भाद्रपदात नव्या मुलांना ही गोष्ट सांगायचे. विद्याधरराव ऑफिसात सांगायचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा मुख्याध्यापकांनी सांगितली. नीलकंठ समोर बसून ऐकायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, ठीक है. पुढंपुढं तो त्या गोष्टीसारखाच वागायला लागला. दुसरं काय करणार होता?

अंबिकानं सतरा वर्षांत ही गोष्ट एकदाही सांगितली नव्हती. कुणी सांगायला लागलं की ती चहा टाकायला उठायची. आळीत सगळ्यांना वाटायचं, आईच्या काळजाला सोसत नाही.

मंगळवारी सकाळी हरिभाऊ आले. आता ऐंशीला टेकलेले, काठी घेऊन, पण नजर अजून जाड.

"वहिनी, यंदा नीलकंठला छुट्टी मिळेल काय नवव्या दिवशी? मी पुढं बसून म्हणायचो, ते आता मला होत नाही. त्यानं म्हणावं."

"विचारते," अंबिका म्हणाली.

"पोरं त्याला बघतील तरी. नाही तर आजकालची पोरं, तीन आवर्तनांत मोबाइल काढतात. मी सांगतो त्यांना, अरे, एक मुलगा होता, पाय गेले तरी आईला सांगितलं नाही..."

चहा टाकायला उठायची वेळ झाली होती. अंबिका उठली नाही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्यानं सांगितलं होतं. गौरी जेवल्या त्या दिवशी. मी म्हटलं, सगळ्यांचा झोपतो, आपट. दिल्लीत मी खोटं बोलले. त्याच्या देखत."

हरिभाऊंनी काठी भिंतीला टेकवली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"गौरी जेवल्या म्हणजे पाचवा दिवस," ते म्हणाले. "मग तुम्ही दुसऱ्या, वहिनी. मला चौथ्या दिवशी सांगितलं होतं."

"तुम्हाला?" अंबिकानं विचारलं.

"आवर्तनं संपल्यावर माझ्याकडं आला. म्हणाला, मास्तरजी, सबका ठीक हो गया, मेरा नहीं हुआ. मी म्हटलं, आठल्यांचा मुलगा ना तू? सहस्रावर्तनाला काय करशील मग? डबा हवा ना?" हरिभाऊंनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "त्याच्या पुढच्या सालापासून दर एकवीस आवर्तनांनंतर मी पोरांना उठवून फाटकापर्यंत चालवतो. लोक विचारतात, शास्त्रात कुठं आहे? मी म्हणतो, आहे."

"चौथ्या दिवशी," अंबिका म्हणाली. आपल्याआधी त्यानं मास्तरांना सांगितलं, हे तिला अशा वेळीही थोडं लागलं, आणि लागलं याचं नवलही वाटलं. "मग इतकी वर्षं तुम्ही पोरांना ती गोष्ट का सांगता?"

"सांगता सांगता खरी वाटायला लागली."

मग अंबिकानं त्यांना चपलेचं सांगितलं. काचेचं सांगितलं. चुकलेल्या दोन तपासण्यांचं आणि दिलेल्या शब्दाचंही सांगितलं. हरिभाऊंनी मास्तरकीच्या काळात गणित तपासताना जसं ऐकलं असेल, तसं मधे न बोलता ऐकलं.

"म्हणजे तो म्हणतो, काही झालं तर मी सांगीन," ते म्हणाले.

"हो."

"आणि आपण बसलोय वाट बघत." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दोघांना सांगून पाहिलं त्यानं. दोघंही शिकलेले. तिसऱ्याला कशाला सांगेल? मी तर नसतं सांगितलं."

"तो माझ्यासाठी गप्प आहे, हरिभाऊ. त्या दिवसापासून. काही सांगायचं म्हटलं, तर पहिल्या वेळचं निघेल."

"निघू द्या की आता. पोरगा सव्वीसचा आहे, तुमची नोकरी काय जाणार आहे थोडीच." ते उठायला लागले, मग पुन्हा बसले. "मी करू फोन? म्हणजे, माझंही सांगून टाकतो."

"तुमचं तुम्ही उद्या करा," अंबिका म्हणाली. "आज मी करते."

हरिभाऊ गेले. पावणेबारा झाले होते. अंबिकानं कुकर लावला. डॉक्टर दिवाकरांच्या ओपीडीचा नंबर तिला पाठ होता. तो दोनदा बदलला होता आणि तिला दोन्ही जुने नंबरही पाठ होते. त्यांच्या चिठ्ठीतल्या ओळी तर ती आरतीसारख्या म्हणू शकली असती: पाय बधिर वाटणे, पाठीत कळ, चालण्यात फरक, लघवीत फरक, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब. आधी तिकडंच फोन करावा, असं तिच्या मनात आलं. हात पुढं गेलाही होता. तारीख मिळेल, तिकीट काढता येईल, विद्याधरराव रजा टाकतील. नीलकंठ मुकाट्यानं येईल. तो नेहमीच मुकाट्यानं येतो. टेबलावर उताणा पडेल, कुणी विचारलं तर सांगेल की त्रास काही नाही, आईला वाटतं म्हणून आलो. आणि तो तरुण डॉक्टर, आताचा जो कुणी असेल तो, तसंच लिहून घेईल.

म्हणजे आधी त्यालाच करायला हवा.

काय बोलायचं ते तिनं भात शिजेपर्यंत ठरवलं. पाय कसा आहे, हे आधी विचारायचं नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. आधी आपलं सांगायचं. पाचव्या दिवशी तू मला सांगितलंस. तू बरोबर सांगितलंस. मी ऐकलं नाही आणि दिल्लीत वर खोटं बोलले, आणि तू 'भूल गया था' म्हणालास, तेही मी ऐकलं. हे मी आज संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगणार आहे आणि डॉक्टरांनाही लिहायला लावणार आहे. एवढं झालं की मग विचारायचं: बधिरपणा कधीपासून आहे? आहे का, असं विचारायचं नाही. कधीपासून, असं.

आणि तरीही तो ठीक है म्हणाला, तर त्याला तिथंच सांगायचं की मी दिलेला शब्द मोडते आहे, दोन वाजता ओपीडीला फोन लावते आहे, तुला राग आला तर मराठीत रागाव.

दीड वाजता तहसिलीत जेवणाची सुट्टी होते. काकींचा डबा तोपर्यंत पोचलेला असतो. त्याचा फोन तेव्हा शर्टाच्या खिशात असतो आणि आसपास हसायला फारसं कुणी नसतं, सगळे झाडाखाली गेलेले असतात. अंबिकानं गॅस बंद केला, दाराला कडी लावली, माजघरातली खुर्ची खिडकीशी ओढली. विद्याधरराव असते तर म्हणाले असते, एवढ्या तयारीत दिल्लीला जाऊन आलो असतो.

घड्याळात दीड वाजला. एक मिनिट तिनं त्याला हात धुवायला दिला. मग फोन लावला.